प्रफुल्लकुमार सेन

प्रफुल्लकुमार सेन (७ डिसेंबर १९१५ – २२ जुलै १९८२) हे भारतीय हृदय व रक्तवाहिनी शल्यचिकित्सक होते. मुंबईतील परळच्या राजे एडवर्ड स्मारक रुग्णालयात, म्हणजेच केईएममध्ये, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी त्यांच्या नेतृत्वाखाली भारतातील पहिले मानवी हृदयप्रत्यारोपण झाले. जगातील ते सहावे आणि आशियातील पहिले हृदयप्रत्यारोपण होते. वैद्यकीय वर्तुळात ते पी. के. सेन या नावाने परिचित होते. सर्वसाधारण वाचकाला त्यांचे नाव या एकाच शस्त्रक्रियेमुळे ठाऊक असते. त्यांच्या संशोधनाचा मोठा भाग मात्र रक्तवाहिन्यांविषयीचा आहे. महाधमनी अरुंद का होते, उपाशी पडलेल्या हृदयस्नायूला नवा रक्तपुरवठा कसा मिळवून द्यावा, हे प्रश्न त्यांनी दोन दशके हाताळले. त्यांची पेशींच्या पातळीवरील उत्तरे पुढच्या पिढीच्या जीवशास्त्रज्ञांनी दिली.

बालपण व शिक्षण

सेन यांचा जन्म कलकत्त्यातील. बालपण व शालेय शिक्षण नागपूरला झाले. वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईला आले आणि शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. हे महाविद्यालय व त्याला जोडलेले केईएम रुग्णालय १९२६ साली सुरू झाले होते. येथील अध्यापकवर्ग भारतीयच असावा अशी देणगीदारांची अट होती. वसाहतकाळात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील वरच्या जागा बहुधा इंग्रज अधिकाऱ्यांकडे असत, हे लक्षात घेतले म्हणजे या अटीचे वजन कळते. सेन याच संस्थेत शिकले, याच संस्थेत शल्यचिकित्सक झाले आणि पुढे तेथेच शल्यचिकित्सेचे संचालक-प्राध्यापक म्हणून काम केले. स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत रॉकफेलर फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी अमेरिकेतील पेनसिल्वेनिया विद्यापीठात प्रशिक्षण घेतले.

केईएममधील कार्य

हृदयाला शस्त्र लावणे हा प्रकार विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत धाडसाचाच मानला जाई. भारतात त्याची गरज मात्र मोठी होती. लहानपणी घसा दुखून येणाऱ्या ऱ्हुमॅटिक ज्वराने हृदयाच्या झडपा खराब झालेले तरुण रुग्ण सार्वजनिक रुग्णालयांत सतत येत. १९५०च्या दशकात ज्या मोजक्या भारतीय शल्यचिकित्सकांनी अरुंद झालेली द्विदल झडप मोकळी करणे, हृदयातील व त्याजवळील जन्मजात दोष दुरुस्त करणे आणि महाधमनीचा रोगग्रस्त भाग काढून तेथे कलम बसवणे ही कामे हाती घेतली, त्यांत सेन यांचे नाव अग्रभागी आहे.

केईएम हे महापालिकेचे रुग्णालय होते. गिरणगावच्या मध्यभागी असल्यामुळे कामगारवस्तीतील रुग्ण तेथे येत, तसेच राज्याच्या दूरदूरच्या जिल्ह्यांतूनही येत. सातारा-सांगली भागातील रुग्णांना त्या काळी मोठ्या उपचारांसाठी मिरजेचे मिशन रुग्णालय, पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते १९६२ साली, आणि कराडला कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळाने, १९८४ साली.

सेन यांनी रुग्णालयाला जोडून प्रायोगिक शस्त्रक्रियेची प्रयोगशाळा चालवली. माणसावर करावयाची शस्त्रक्रिया आधी कुत्र्यांवर करून पाहणे आणि मृत रुग्णाच्या ऊतींचा विकृतिशास्त्रज्ञाबरोबर बसून अभ्यास करणे या दोन गोष्टींवर त्यांच्या गटाचे काम उभे होते. या गटात शल्यचिकित्सक गुरुकुमार परुळकर, विकृतिशास्त्रज्ञ किणारे आणि तरुण शल्यचिकित्सक तेहेमटन उडवाडिया यांचा समावेश होता. परुळकर पुढे भारतीय हृदयशल्यचिकित्सेतील अग्रणी ठरले, तर उडवाडिया भारतातील दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रियेचे आद्य प्रवर्तक म्हणून ओळखले गेले.

महाधमनीचा आजार

हृदयातून निघणारी महाधमनी ही शरीरातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी. जुन्या मराठी वैद्यकीय लेखनात तिला महारोहिणी म्हटले आहे. ती छातीतून पोटात उतरते आणि वाटेत यकृत, आतडी व मूत्रपिंडे यांना शाखा देते. केईएममध्ये सेन यांच्या पाहण्यात असे तरुण रुग्ण आले की ज्यांच्या हाताचा रक्तदाब अतिशय वाढलेला होता आणि पायाची नाडी मात्र क्षीण होती किंवा लागतच नव्हती. महाधमनीचा छातीच्या खालच्या व पोटाच्या वरच्या भागातील पट्टा अरुंद झाल्यामुळे हे घडत असे. जन्मजात अरुंदपणाची जी जागा पाठ्यपुस्तकांत दिली होती, त्याहून ही जागा वेगळी होती. सेन, किणारे, परुळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये या रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला मध्य महाधमनी लक्षणसमूह असे नाव दिले. हे नाव जागतिक वैद्यकात रूढ झाले असून आजही वापरात आहे.

या अरुंदपणामागे बहुतेक वेळा महाधमनीच्या भिंतीची दीर्घकालीन दाहजन्य विकृती असते, असे या गटाचे निरीक्षण होते. हाच आजार जपानमध्ये ताकायासू आजार म्हणून परिचित होता. नेत्रवैद्य मिकितो ताकायासू यांनी १९०८ साली एका तरुण स्त्रीच्या डोळ्यातील रक्तवाहिन्यांचे विलक्षण बदल नोंदवले होते, त्यांचे हे नाव. जपानी रुग्णांत मानेकडे व हातांकडे जाणाऱ्या शाखा अधिक बाधित होतात, म्हणून त्याला नाडीहीन आजार असेही म्हणत. भारतीय रुग्णांत मात्र पोटातील महाधमनी व मूत्रपिंडांच्या धमन्या यांचा सहभाग ठळक दिसतो आणि उच्च रक्तदाब हे मुख्य लक्षण असते. हा फरक स्पष्टपणे मांडणे हे केईएमच्या गटाचे महत्त्वाचे योगदान होय. १९७३ साली सेन, किणारे, केळकर व परुळकर यांनी १०१ रुग्णांच्या अभ्यासावर आधारित एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात या आजाराला अविशिष्ट महाधमनीशोथ म्हटले आहे. अविशिष्ट हा शब्द जपून वापरलेला आहे. भारतातील अनेक वैद्यांना या आजाराचा क्षयरोगाशी संबंध असावा असा संशय होता, परंतु भिंतीत क्षयाचे जंतू दाखवून देता येत नव्हते. कारण सिद्ध झालेले नसताना कारणाचे नाव देण्याचे लेखकांनी टाळले.

या आजारात भिंतीत काय घडते याचे चित्र पुढील दशकांत हळूहळू स्पष्ट झाले. मोठ्या धमनीची भिंत इतकी जाड असते की आतून वाहणारे रक्त तिच्या बाहेरच्या थरांना पुरत नाही, म्हणून भिंतीलाच पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या बाहेरून आत शिरलेल्या असतात. प्रतिकार यंत्रणेच्या पेशी याच वाटेने महाधमनीच्या भिंतीत येतात. तेथे जमलेल्या टी-पेशी आणि भक्षक पेशी एकमेकींना व भोवतालच्या पेशींना रासायनिक संदेश देतात. इंटरल्यूकिन-६ हा त्यांतला एक. आणखी काही संदेश स्नायुपेशींना विभाजित होण्यास आणि आतील अस्तराकडे सरकण्यास भाग पाडतात, तर काही संदेश भिंतीत नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या उगवण्यास चालना देतात आणि त्या वाहिन्यांतून आणखी दाहपेशी आत येतात. भिंत जाड होते, पोकळी आक्रसते. मूत्रपिंडाच्या धमनीत हे घडले, की मूत्रपिंडाला शरीरातील रक्तदाब उतरला आहे असा चुकीचा समज होतो आणि ते रेनिन सोडते. रेनिनमुळे तयार होणारे अँजिओटेन्सिन साऱ्या शरीरातील धमन्या आवळते. अशा रुग्णाच्या हातावर मोजलेला प्रचंड रक्तदाब हा या साखळीचा शेवटचा दुवा असतो. सेन यांच्या काळी शल्यचिकित्सकाला या साखळीचे शेवटचे टोकच हाताशी होते. अरुंद भागाला वळसा घालणारे कलम जोडणे किंवा निकामी मूत्रपिंड काढणे एवढेच त्यांना करता येई. आज स्टेरॉइडबरोबर इंटरल्यूकिन-६चा संदेश अडवणारी औषधेही दिली जातात, आणि शस्त्रक्रिया शक्यतो दाह शांत झाल्यावर करतात.

सर्पहृदय शस्त्रक्रिया

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या परिहृद धमन्या बुजल्या तर काय करावे, याला १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात खात्रीचे उत्तर नव्हते. क्लीव्हलंडमध्ये मेसन सोन्स यांनी या धमन्यांचे क्ष-किरण चित्रण १९५८ साली शक्य केले होते, पण पायाची शीर वापरून अडथळ्याला वळसा देण्याची रेने फावालोरो यांची पद्धत १९६७ साली यायची होती. कॅनडातील आर्थर विनेबर्ग छातीच्या आतील धमनी थेट हृदयस्नायूत रोवत. स्नायूत रोवलेल्या धमनीला आपोआप फाटे फुटून ते जुन्या वाहिन्यांशी जुळतील, अशी त्यांची अपेक्षा असे आणि काही रुग्णांत ती खरीही ठरे.

सेन यांनी वेगळीच दिशा धरली. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाची भिंत स्पंजासारखी असते. निलयाच्या पोकळीतील रक्त स्नायूंच्या तंतूंमधील फटींत थेट शिरते आणि त्यांना पोसते, त्यामुळे परिहृद धमन्यांवरचे अवलंबन कमी असते. माणसाच्या हृदयातही अशी रचना गर्भावस्थेच्या सुरुवातीला काही काळ असते. मग माणसाच्या डाव्या निलयाच्या भिंतीला सुईने अनेक भोके पाडली, तर निलयातील प्राणवायुयुक्त रक्त स्नायूत जाऊ शकेल का, असा सेन यांचा प्रश्न होता. सेन, उडवाडिया, किणारे व परुळकर यांनी कुत्र्यांवर हे प्रयोग केले. परिहृद धमनीची मुख्य शाखा बांधून टाकल्यावर सुईने छिद्रे पाडलेल्या हृदयांचा बचाव अधिक झाल्याचे त्यांना आढळले. १९६५ साली हा शोधनिबंध अमेरिकेतील छाती व हृदय शस्त्रक्रियेच्या नियतकालिकात आला आणि १९६८ साली पुढील अभ्यास प्रसिद्ध झाला. निबंधात या पद्धतीला सुईवेध म्हटले होते. लोकांच्या तोंडी ती सर्पहृदय शस्त्रक्रिया झाली.

या कल्पनेवर लवकरच गंभीर आक्षेप आले. हृदय आकुंचन पावते तेव्हा निलयातील दाब जितका असतो तितकाच किंवा त्याहून अधिक दाब भिंतीच्या आतील थरांतही असतो, मग रक्त पोकळीतून भिंतीत जाईलच कसे? शिवाय छिद्रे गुठळीने भरतात व नंतर तेथे व्रणऊती तयार होते. परिहृद धमन्यांच्या वळसा-शस्त्रक्रियेला यश येऊ लागल्यावर सुईवेध मागे पडला. १९८०च्या दशकात महमूद मिरहोसेनी यांनी सुईऐवजी लेसर वापरून हीच भोके पाडली आणि १९९८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लेसरच्या या उपकरणाला मान्यता दिली. त्या लेसर-वाङ्मयात सेन यांचा १९६५ सालचा निबंध मूळ प्रेरणा म्हणून उद्धृत होतो.

लेसरनेही भोके उघडी राहत नाहीत, हे शवविच्छेदनांत दिसून आले. तरी अनेक रुग्णांची छातीतील कळ कमी होत होती. याची तीन स्पष्टीकरणे पुढे आली: वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंचा नाश, उपचार झाल्याच्या विश्वासाचा परिणाम आणि इजा झालेल्या जागी नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांची वाढ. हृदयाच्या आतून नळीद्वारे लेसर देणाऱ्या पद्धतीची खोट्या उपचाराशी तुलना करणाऱ्या चाचणीत रुग्णांना ठोस फायदा दिसला नाही, त्यामुळे दुसऱ्या स्पष्टीकरणाचे पारडे जड झाले. तिसरे स्पष्टीकरण जीवशास्त्राच्या दृष्टीने मात्र फार रंजक आहे, आणि त्याने सेन यांच्या प्रश्नाची मांडणीच बदलून टाकली.

रक्तवाहिनी वाढते ती पेशींच्या परस्पर संदेशांवर. ऊतीला प्राणवायू अपुरा पडला, की पेशीतील एक प्रथिन, जे एरवी सतत नष्ट केले जाते, ते टिकून राहते आणि जनुके जागी करते. या यंत्रणेच्या शोधाला २०१९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. जाग्या झालेल्या जनुकांपैकी एक व्हीईजीएफ नावाचे वाढकारक प्रथिन बनवते. ते पाझरत जवळच्या केशवाहिनीपर्यंत पोहोचते आणि तिच्या अंतःस्तराच्या पेशींवरील ग्राहींना चिकटते. ज्या पेशीला संदेश सर्वांत तीव्र मिळतो ती बोटांसारखे तंतू पुढे काढून वाट शोधू लागते. त्याच वेळी ती शेजारच्या पेशींना नॉच नावाच्या संदेशमार्गाने थांबवून ठेवते, नाहीतर सगळ्याच पेशी पुढे धावतील आणि नळीच राहणार नाही. मागच्या पेशी विभाजित होऊन नळीचे खोड तयार करतात. नळीत रक्त वाहू लागले, की अंतःस्तर आधारपेशींना बोलावून घेतो आणि वाहिनी स्थिर होते. वाहिनीला प्रवाहही घडवतो. जिथून रक्त भरपूर जाते ती वाहिनी रुंदावते, जिथून जात नाही ती मिटते. कराडला कृष्णा व कोयना समोरासमोर येऊन मिळतात आणि एका पात्राने वळून पुढे जातात, त्या पाण्याने काठ जसा कोरला जातो, तसे वाहत्या रक्ताच्या घासण्याने वाहिनीचे पात्र घडते. फरक इतकाच, की येथे काठावरील पेशी घासणे जाणतात आणि त्याला प्रतिसाद देतात.

गर्भातील हृदयातही हेच घडते. स्पंजासारखी भिंत घट्ट होऊ लागते, आतला स्नायू प्राणवायूला वंचित होतो, तो व्हीईजीएफ सोडतो आणि परिहृद वाहिन्या त्याच्या हाकेला येतात. सर्पहृदय ते मानवी हृदय हा प्रवास भ्रूण काही आठवड्यांत करतो. सेन यांनी प्रौढ हृदयाला त्या प्रवासाच्या आरंभीच्या टप्प्यावर परत नेण्याचा प्रयत्न केला. इजेमुळे ते हृदय प्रत्यक्षात प्रवासाच्या पुढच्या टप्प्यातील संदेश काही प्रमाणात पुन्हा वापरत असावे, असे लेसरनंतरच्या प्राण्यांवरील अभ्यासांतून सूचित झाले. व्हीईजीएफचा पहिला मागोवा बोस्टनच्या प्रयोगशाळेत १९८३ साली लागला. सेन यांचे निधन त्याआधीच्या वर्षी झाले होते.

१९६८ सालचे हृदयप्रत्यारोपण

कुत्र्यांमधील हृदयप्रत्यारोपणाचे प्रयोग केईएममध्ये १९६०च्या दशकाच्या मध्यापासून चालू होते. ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन येथे क्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिले मानवी हृदयप्रत्यारोपण केले आणि ही बातमी जगभर पसरली. महाराष्ट्रात तिची चर्चा सुरू होते न होते तोच ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनानगरचा भूकंप झाला. पाटण व कराड तालुक्यांच्या टापूत त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. ब्रुकलिनमध्ये एड्रियन कॅन्ट्रोविट्झ आणि कॅलिफोर्नियात नॉर्मन शमवे यांनी पुढील पाऊल टाकले. या तिघांनंतर मानवी हृदयप्रत्यारोपण करणारे सेन हे जगातील चौथे शल्यचिकित्सक ठरले.

१६ फेब्रुवारी १९६८ रोजी झालेल्या शस्त्रक्रियेत डोक्याला झालेल्या दुखापतीने मृत घोषित केलेल्या २० वर्षांच्या तरुणीचे हृदय २७ वर्षांच्या शेतकऱ्याला बसवण्यात आले. त्याच्या हृदयस्नायूचा विकार अखेरच्या अवस्थेला पोहोचला होता. नवे हृदय धडधडू लागले. हृदय-फुप्फुस यंत्राचा आधार काढल्यावर ते रक्ताभिसरण चालवू शकले, पण रुग्ण सुमारे तीन तासांनी दगावला. त्याच वर्षी सेन यांनी दुसरे प्रत्यारोपण केले. तोही रुग्ण एक दिवससुद्धा जगला नाही. त्यानंतर केईएममध्ये सेन यांच्या हातून तिसरे हृदयप्रत्यारोपण झाले नाही.

ही शस्त्रक्रिया झाली तेव्हा मेंदूमृत्यूची कायदेशीर व्याख्या भारतात नव्हती आणि अन्यत्रही ती नुकतीच घडत होती. हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीचा त्यासंबंधीचा प्रसिद्ध अहवाल ऑगस्ट १९६८चा आहे. धडधडणारे हृदय ज्याच्या छातीतून काढायचे, तो मृत आहे हे कोणी व कशाच्या आधारे ठरवायचे, हा प्रश्न त्यामुळे डॉक्टरांच्या विवेकावरच सोडलेला होता. १९६८ या एका वर्षात जगभर शंभराच्या आसपास हृदयप्रत्यारोपणे झाली. बहुतेक रुग्ण वर्षभराच्या आत दगावले आणि १९७० नंतर बहुतेक केंद्रांनी हे काम थांबवले. त्या पार्श्वभूमीवर मुंबईतील अपयश वेगळे काढून दाखवण्यासारखे नाही. तरीही त्याचे कारण पाहण्यासारखे आहे, कारण अन्यत्र ज्या कारणाने रुग्ण जात होते, म्हणजे परक्या अवयवाला शरीराने नाकारल्यामुळे, त्या कारणाने हा रुग्ण गेला नाही.

फुप्फुसातील रक्तवाहिन्यांचा अडथळा

पहिल्या रुग्णाच्या मृत्यूचे कारण फुप्फुसातील रक्तवाहिन्यांचा वाढलेला रोध आणि त्यामुळे उजव्या निलयाने घेतलेली हार, हे होते. हृदयाची डावी बाजू दीर्घकाळ दुर्बळ राहिली, की रक्त फुप्फुसाकडे तुंबते. सततच्या या दाबाखाली फुप्फुसातील बारीक धमन्या स्वतःला बदलतात. निरोगी स्थितीत धमनीचा अंतःस्तर नायट्रिक ऑक्साइड हा वायू अत्यल्प प्रमाणात बनवतो. तो शेजारच्या स्नायुपेशीत शिरतो आणि तिला सैल होण्याचा संदेश देतो. आजारी अंतःस्तरात हा संदेश क्षीण होतो आणि धमनी आवळणाऱ्या एंडोथेलिनचा संदेश बळावतो. एंडोथेलिन स्नायुपेशींना वाढण्यासही सांगते, म्हणून आधी केवळ आवळलेली धमनी कालांतराने खरोखरच जाड भिंतीची व अरुंद होते. रुग्णाचे स्वतःचे उजवे निलय वर्षानुवर्षे या वाढत्या रोधाशी झुंजत जाड झालेले असते. दात्याकडून आलेले निरोगी हृदय मात्र सौम्य दाबाला सरावलेले असते, त्याचे उजवे निलय पातळ भिंतीचे असते. नव्या छातीत गेल्याबरोबर त्याला एकाएकी डोंगर चढावा लागतो आणि ते फुगून थकते. म्हणजे बदललेले हृदय उत्तम होते, पण न बदललेल्या रक्तवाहिन्यांनी त्याला वाहू दिले नाही.

धमनीच्या अंतःस्तराला केवळ निष्क्रिय अस्तर न मानता संदेश देणारा अवयव मानण्याची सुरुवात रॉबर्ट फर्चगॉट यांच्या १९८० सालच्या प्रयोगाने झाली. अंतःस्तर खरवडून काढलेली धमनी सैल होत नाही, हे त्यांनी दाखवले. तो संदेशवाहक नायट्रिक ऑक्साइड आहे हे नंतर सिद्ध झाले आणि १९९८ साली फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना नोबेल पारितोषिक मिळाले. एंडोथेलिन १९८८ साली जपानमध्ये सापडले. आज कोणत्याही केंद्रात हृदयप्रत्यारोपणापूर्वी हृदयात नळी घालून फुप्फुसातील रोध मोजतात. तो औषधांनी उतरत नसेल तर केवळ हृदय बदलण्याचे टाळतात. शस्त्रक्रियेच्या वेळी उजवे निलय थकू लागले तर श्वासातून नायट्रिक ऑक्साइड देण्याची सोय असते. १९६८ साली यांतले काहीच उपलब्ध नव्हते.

सन्मान व निधन

भारत सरकारने १९६९ साली सेन यांना पद्मभूषण देऊन गौरवले. २२ जुलै १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. नकार रोखणारे सायक्लोस्पोरिन हे औषध त्याच सुमारास प्रचारात येत होते आणि त्यामुळे जगभर थांबलेली हृदयप्रत्यारोपणे पुन्हा सुरू झाली. भारतात मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ साली संमत झाला, त्यात मेंदूमृत्यूला मान्यता मिळाली. ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत पी. वेणुगोपाळ यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण केले. सेन यांच्या पहिल्या शस्त्रक्रियेनंतर त्याला २६ वर्षे लागली.